हादग्याची गाणी आणि संगीताचा तास

प्रश्न : पहिली-दुसरीची ४२ मुलं आहेत. हादग्याची गाणी घेतली की मुलं ओरडतात आणि फेर धरला की गाणं पळतं. काय चुकतंय? (शिक्षक, तासगाव)

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. आधी पट्टी, म्हणजे गाण्याचा सा कुठे धरलाय ते, बघा. पुरुष शिक्षक स्वतःच्या खालच्या आवाजात ओळ म्हणून दाखवतात. तिथपर्यंत मुलांचा गळा उतरत नाही. मग मुलं जोर लावतात आणि गाण्याचा आरडाओरडा होतो. या वयाचा गळा पेटीच्या मधल्या सप्तकात साधारण पांढरी दोन ते पांढरी सहा (सप्तकातली दुसरी ते सहावी पांढरी पट्टी) एवढ्यात मोकळा असतो. हादग्याच्या बऱ्याच चाली चार-पाच सुरांतच फिरतात. चाल सा ते प असेल तर सा पांढरी दोनला धरा. खालचा नी लागत असेल तर पांढरी तीनला. ओळ पेटीवर वाजवा आणि सुरात गाणाऱ्या एखाद्या मुलीला म्हणायला सांगा. मुलाच्या गळ्यातला सूर मुलं लगेच उचलतात.

गाणं पळतं ते फेरामुळे. ४२ जणांचा फेर फार मोठा होतो. पुढच्याशी अंतर पडलं की मागचा धावतो, आणि पायांबरोबर गाणंही धावतं. आत १६, बाहेर २६ असे दोन फेर करा. मध्ये पाटावरचा हत्ती आणि त्याच्याजवळ एकच टाळ. चार टाळ दिलेत तर चार लयी होतील. दहा सेकंदांत १४ ठोके, ठोक्याला एक पाऊल. पहिले दोन तास जागच्या जागी पावलं टाकत गाऊ द्या, फेर तिसऱ्या तासाला.

प्रश्न : सोळा दिवस रोज एक गाणं वाढवायचं, हे शाळेत कसं बसवावं? (शिक्षिका, कराड)

उत्तर : सूर्य हस्त नक्षत्रात गेला की, म्हणजे २७ सप्टेंबरच्या आसपास, हादगा बसतो. पहिल्या दिवशी एक गाणं, सोळाव्या दिवशी सोळा. सगळं मिळून १३६ वेळा गाणं होतं. मध्ये रविवार आणि गांधी जयंती येतेच. म्हणून दिवस न मोजता तास मोजा : पाच तास, पाच गाणी. पहिलं गाणं पाच वेळा गायलं जातं, पाचवं एकदाच. तेव्हा अवघड चाल दुसऱ्या तासाला घ्या, शेवटी अगदी सोपी ठेवा. तीन मिनिटांचं गाणं धरलं तर पाचव्या तासाला १५ मिनिटं लागतात.

उरलेल्या वेळात खिरापत (शेवटी वाटायचा खाऊ) ओळखणं हवंच, ते कृपा करून गाळू नका. ‘गोड की तिखट?’ हे सा-रे या दोनच सुरांत एकेकाला विचारायला लावा. वर्गासमोर एकटं गायला लाजणारं मूलही इथे गातं, आणि कोणाचा सूर कुठे आहे ते तुम्हाला कळतं.

प्रश्न : घरोघरी शब्द वेगळे निघतात. खरे कोणते? (पालक, वाई)

उत्तर : सगळेच. वर्गात एक पाठ ठरवा, पण घरचे शब्द चूक म्हणून खोडू नका. आजीची चाल मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि तिच्या माहेरच्या गावाचं नाव सोबत लिहा. बऱ्याचदा गाणं तिथूनच आलेलं असतं.