मलपृष्ठ झाकून वाच

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोन पानं कादंबरीचा आराखडा आणि तळाशी ताजा कलम: ‘बाई, वाचाव्यात अशा दहा लेखिकांची यादी पाठवा. कादंबरीत दोन महत्त्वाच्या बायका आहेत, तेव्हा स्त्री-जाणीव नीट समजून घ्यायचीय.’

नावं देते. दहाच होतील असं नाही. पण आधी वहीतला तो ‘स्त्री-जाणीव’ शब्द खोड. तो डोक्यात ठेवून वाचायला बसलास तर बायकांच्या मनातलं काहीबाही गोळा करशील आणि त्यांनी वाक्य कसं लिहिलंय ते बघायचं राहून जाईल. माझं तेच झालं होतं.

मी इंदिरा संत सात-आठ वर्षं चुकीच्या शिकवल्या. पहिल्या तासाला फळ्यावर तारखा लिहायची. १९४०, पती ना. मा. संत यांच्यासह ‘सहवास’ हा संग्रह. १९४६, पतीचं निधन. १९५१, ‘शेला’. मग कोणतीही कविता निघाली की माझं बोट मधल्या तारखेवर. विरह, वैधव्य, एकटेपण; मुलं भराभर उतरवून घ्यायची. एका वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘बाई, ते गेले नसते तर यांनी लिहिलंच नसतं का?’ मी काहीतरी लांबलचक उत्तर दिलं. खरं उत्तर माझ्याच अक्षरात फळ्यावर होतं: १९४०. कवयित्री आधीपासूनच होती.

त्या संध्याकाळी ‘कुब्जा’ पुन्हा काढून वाचली. तूही तिथूनच सुरू कर. राधा अजून जागी नाही, गोकुळही जागं नाही, आणि अशा अवेळी पैलतीरावर पावा वाजतोय. कुणासाठी? राधेवर कविता लिहिणारे रग्गड. इंदिराबाईंनी निवडली कुब्जा, मथुरेची ती कुबडी दासी, जिच्यासाठी कुणी मुरली वाजवल्याचं आपण कधी ऐकलं नाही. ती अर्ध्या पाण्यात उभी राहून तो सूर पिते आणि कविता ‘हे माझ्यास्तव’ म्हणत संपते. बघ आता, यात विरह कुठे आहे? काठोकाठ सुख आहे, आणि ते तिने हक्काचं नसताना घेतलेलं आहे. सूर खरंच तिच्यासाठी होता की नाही, याचा निवाडा कवयित्री करत नाही. मी मात्र इतकी वर्षं त्या बाईला पांढरं नेसवून बसवलं होतं.

पुरुषाने कवितेत ‘मी’ लिहिलं की आपण त्याला ‘कवीचा मी’ म्हणतो आणि अदबीने चार पावलं मागे सरतो. बाईने ‘मी’ लिहिलं की वाचक थेट तिच्या घराची कडी वाजवतो. एवढी एक खोड मोडलीस तर माझ्या यादीची तुला गरजसुद्धा उरणार नाही.

ही खोड जुनी आहे. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा शिकलेल्या, अविवाहित, मनातलं स्पष्ट बोलणाऱ्या मुलींच्या त्या कथांनी गदारोळ झाला. त्यात लेखन कसं आहे यापेक्षा ‘ही विभावरी शिरूरकर कोण?’ याचीच चर्चा जास्त. ते टोपणनाव होतं; त्या म्हणजे बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. आता तो काळच तसा होता असं म्हणून सुटू नकोस. एलेना फेरांते या टोपणनावाने लिहिणाऱ्या इटालियन कादंबरीकर्तीची ओळख उघड करण्यासाठी २०१६ साली एका पत्रकाराने पैशांचे नि मालमत्तेचे व्यवहार धुंडाळले. तिच्या चार नेपल्स कादंबऱ्या तोवर जगभर वाचल्या गेल्या होत्या. दोन मैत्रिणींची ती गोष्ट तू वाचच, कारण तुझ्याही कादंबरीत दोन बायका आहेत. मैत्रीतली असूया इतकी उघडी ठेवूनही मैत्री खोटी न पाडणं फार अवघड काम आहे.

विभावरींचं ‘हिंदोळ्यावर’ वाच, पण तिथे थांबू नकोस. ‘बळी’ (१९५०) गाठ. इंग्रजांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात कोंडल्या होत्या. सोलापूरच्या तशा वसाहतीत मालतीबाईंनी नोकरी केली होती आणि ही कादंबरी त्या कुंपणाच्या आतली आहे. आता तू म्हणशील, बाई, चरित्र बघू नको म्हणता आणि स्वतःच सांगता. बरोबर. फरक एवढाच, की इथे अनुभव म्हणजे कान देऊन ऐकलेलं दुसऱ्याचं जगणं आहे. स्वतःची डायरी नव्हे. कादंबरीकाराला हाच अनुभव जास्त उपयोगी पडतो, आणि तो बाईलाही मिळवता येतो हे लोक का विसरतात कोण जाणे.

गौरी देशपांडे तू वाचली असशील असं धरून चालते. नसशील तर ‘एकेक पान गळावया’ घे आणि त्यातली ‘कारावासातून पत्रे’ पहिल्यांदा वाच. तिच्या नायिकांत लोक गौरीलाच शोधत बसले: परदेश, नवरे, मुली, सगळं पडताळून पाहत. तू तिचं वाक्य बघ. बोलता बोलता ती एखादी थट्टा करते, आपण हसतो आणि अर्ध्या पानानंतर कळतं की घाव त्या थट्टेतच होता. माझी तिच्याबद्दल तक्रारही आहे. तिचे पुरुष फार समजूतदार असतात. भांडायला समोर कुणी तोडीचा मिळत नाही म्हणून नायिका स्वतःशीच भांडत बसते. तुला तसं वाटतं का ते कळव. आणि याच बाईने अरेबियन नाइट्सचे सोळा खंड मराठीत आणले हेही लक्षात असू दे. इतकी वर्षं शहरजादच्या, म्हणजे त्या गोष्टी सांगणाऱ्या राणीच्या, संगतीत काढणाऱ्या लेखिकेला ‘आत्मकथनात्मक’ म्हणून बाजूला ठेवणं म्हणजे कमालच.

कमल देसाईंची ‘काळा सूर्य’ आणि ‘हॅट घालणारी बाई’ पहिल्या वाचनात कळणार नाहीत. मलाही कळल्या नव्हत्या. ठेवून दे, वर्षाने परत काढ.

मलिका अमरशेखचं आत्मचरित्र ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ खूप गाजलं, आणि ती कुणाची पत्नी होती हे तिच्या कवितेपेक्षा जास्त लोकांना माहीत आहे. म्हणून क्रम उलटा कर. आधी ‘वाळूचा प्रियकर’ हा १९७९चा कवितासंग्रह, मग जमलं तर आत्मचरित्र. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’बाबत मात्र गोष्ट वेगळी आहे. तिथे लेखिका स्वतःच सांगते की हे माझं जगणं, तेव्हा चरित्र झाकायचा प्रश्न नाही. पण लोक ते पुस्तक नुसता पुरावा म्हणून वाचतात आणि त्याची वीण बघत नाहीत, जेव्हा पुस्तकाचं नावच आईच्या बांबूच्या विणकामावरून आलंय.

कविता महाजनची ‘ब्र’ (२००५) तुला कामाची आहे. पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, बायका सरपंच झाल्या. पुढे काय झालं, ते बघत फिरणाऱ्या प्रफुल्लाची ही कादंबरी. ‘ब्र न काढणे’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला वाक्प्रचार. त्यातलं एकच अक्षर तिने उचललं आणि शीर्षक केलं. अहवाल, मुलाखती, बायकांची बोली असा ऐवज कादंबरीत कसा मुरवायचा हे तिथे शिकता येईल. कुठे कुठे तो मुरलेला नाही, तेही दिसेल. त्यातूनही शीक.

आणि एक उतारा देते, म्हणजे औषध या अर्थाने. कुर्रतुलऐन हैदर यांची ‘आग का दरिया’, १९५९ची. उर्दू लिपी येत नसेल तर हिंदीत वाच. अडीच हजार वर्षांचा पट आहे, आणि गौतम, चंपा, कमाल ही नावं युगामागून युगं नव्याने जन्म घेत राहतात. यात शोध बरं लेखिकेचं घर! बाईच्या लेखणीचा आवाका घर-अंगणापुरता, असं कुणी तुझ्यासमोर म्हटलं तर वाद घालू नकोस, हे पुस्तक त्याच्या हातात दे.

कविता मोठ्याने वाच, निदान जनाबाई आणि बहिणाबाई चौधरी तरी. बहिणाबाईंना आपण ‘निरक्षर असूनही’ या दोन शब्दांत गुदमरवून टाकलंय. ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’ म्हणून बघ. वढाय हे ओढाळ गुराचं विशेषण, शेतात रोज तोंडी असणारं. ते तिने मनाला लावलं आणि दोनदा लावलं, म्हणजे हाकललेलं ढोर परत येतं तसा तो शब्दच परत येतो. याला अक्षरओळख लागत नाही, कान लागतो. असा कान अनुराधा पाटलांच्या कवितेतही आहे, फक्त फार हळू आवाजात.

जनाबाईचं सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण तिथे मी अजून अडखळते. ‘डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी’ हे तुला पाठ असेल, गाण्यातून. शेवट आठव: ‘जनी म्हणे देवा मी झाले येसवा, निघाले केशवा घर तुझे.’ येसवा म्हणजे वेश्या. देवाकडे निघालेली बाई स्वतःसाठी गावाने तिला दिला असता तोच शब्द आधीच उचलते, म्हणजे मारायला गावाच्या हातात काही उरत नाही. ‘नामयाची दासी’ एवढंच चरित्र मनात धरून वाचलं तर हा शब्द कानावरून नुसता घरंगळून जातो. माझ्या कानावरून कित्येक वर्षं गेला.

आता काम. ‘कुब्जा’ स्वतःच्या हाताने वहीत उतरवून काढ. कविता कोणत्या शब्दापाशी वळते ते मला कळव. कारण एका वाक्यात लिही, दोन नकोत. इंदिराबाईंच्या आयुष्याबद्दल अवाक्षर लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

आराखड्याबद्दल पुढच्या पत्रात लिहिते. त्यातली ती मोठी बहीण मला अजून दिसत नाही.

तुझी,
बाई