कबर कुणाची, दगड कुणाचा?

प्रश्न : माझं आजोळ वसईतलं. तिथलं चर्च पोर्तुगिजांच्या वेळचं, असं सगळेच सांगतात. पण दफनभूमीत हिंडले तर शंभर वर्षांपूर्वीची एकही कबर दिसली नाही. इतक्या पिढ्या गेल्या कुठे? वसई किल्ल्यात मात्र पायाखाली कोरीव दगडच दगड. त्यांवर लिहिलंय काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तुमची माणसं कुठे गेलेली नाहीत. तुम्ही त्यांच्यावरूनच चालून आलात.

गावातलं माणूस गेलं की चर्चच्या आवारात पुरायचं आणि वर लाकडी क्रूस रोवायचा. आपल्याकडच्या पावसात लाकूड टिकणार किती? काही वर्षांनी तोच खड्डा उघडायचा, निघालेली हाडं बाजूला पुरायची, की जागा पुढच्याला मोकळी. जागा अपुरी म्हणून आजही बऱ्याच ठिकाणी हेच चालतं. दगड कोरून घेण्याची ऐपत केळीबागवाल्याकडे कुठली!

किल्ल्यातले दगड ऐपतवाल्यांचे. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली, १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकली. (तुमच्या नारोशंकराच्या देवळातली १७२१ सालची घंटा त्याच विजयाची खूण म्हणतात.) मधल्या दोनशे वर्षांत बडी मंडळी चर्चच्या फरशीखालीच पुरली जात. वेदीच्या जितकं जवळ, तितका मान. फ्रान्सिस्कन पंथाच्या संन्याशांचं जे सेंट अँथनी चर्च, त्याचं छप्पर केव्हाच गेलंय, फरशीतले दगड आहेत. असल्या दगडांवर ठरलेला पोर्तुगीज मजकूर असतो : ‘एस्ता सेपुल्तुरा ए दे’, म्हणजे ‘ही कबर अमक्याची’. आणि पुष्कळदा पुढे ‘आणि त्याच्या वारसांची’. मला तर तो सातबाराच वाटतो! ‘फालेसेउ’, म्हणजे ‘वारला’, दिसलं की पुढे मरणाची तारीख शोधावी.

वाचताना ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो, हे लक्षात ठेवा. अक्षरावर नागमोडी रेघ असेल तर तिथे ‘म’ किंवा ‘न’ गाळलाय. सकाळी लवकर जा, तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात. वर तांब्याभर पाणी ओतलं तर आणखी बरं. घासू मात्र नका. मी तरुणपणी एका दगडावर तारेचा ब्रश फिरवला नि त्यातला एक ‘आर’ कायमचा घालवला.

आजोळच्या माणसांसाठी दगडांचा नाद सोडा आणि फादरांना विचारून चर्चच्या नोंदवह्या बघा : बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू. जुन्या नोंदी पोर्तुगीजमध्ये असतील, पण साचा एकच असल्याने चार पानांत डोळा सरावतो. खरी अडचण आडनावाची. ही आडनावं बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेली, त्यामुळे एका आळीत दहा परेरा आणि एकमेकांचे कुणी लागत नाहीत. तेव्हा आधी मामीला गाठा. घराण्याचं टोपणनाव काय, जुनं घर कुठल्या आळीत होतं, पणजोबांचं पाळण्यातलं नाव काय, हे तिच्याकडून लिहून घ्या आणि मगच वही उघडा.