फॅट३२ वरून एनटीएफएस: डेटा न पुसता रूपांतर कसे करावे

आपल्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर भरपूर जागा रिकामी असूनही मोठी व्हिडिओ फाइल कॉपी होत नाही, कारण ती डिस्क फॅट३२ या फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीची आहे आणि त्या पद्धतीत एका फाइलचा आकार ४ जीबीपर्यंत जाऊ शकत नाही. फॉरमॅट न करता ती एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नव्या पद्धतीची, करता येईल का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. त्यासाठी विंडोजमध्येच ‘कन्व्हर्ट’ नावाची आज्ञा आहे आणि बाहेरचे कोणतेही सॉफ्टवेअर विकत घेण्याची गरज नाही.

मात्र ‘डेटा जात नाही’ याचा अर्थ ‘बॅकअप नको’ असा घेऊ नये. ही आज्ञा फाइलींमधील मजकूर जागच्या जागी ठेवून डिस्कच्या रिकाम्या भागात एनटीएफएसची नवी नोंदवही उभी करते, त्यामुळे काही जागा मोकळी असणे आवश्यक असते. पण काम चालू असताना वीज गेली किंवा यूएसबी केबल हलली, तर डिस्क अर्धवट अवस्थेत अडकू शकते. म्हणून महत्त्वाचे सर्व फोल्डर आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावेत आणि त्यांतील काही फाइली तिथून प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. भारनियमनाच्या वेळा टाळाव्यात. लॅपटॉप असल्यास तो चार्जरला लावून स्लीप मोड बंद ठेवावा.

त्यानंतर डिस्कची प्रकृती तपासावी. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा मोफत प्रोग्रॅम खराब सेक्टर दाखवत असेल, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर रूपांतराचा विचार सोडून फक्त डेटा बाहेर काढावा. डिस्क ठीक असल्यास कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून, ड्राइव्हचे अक्षर देऊन, ‘चेकडिस्क’ ही आज्ञा (इंग्रजीत chkdsk) ‘एफ’ (/f) या पर्यायासह चालवावी. मगच, इंग्रजी अक्षरांत, ‘कन्व्हर्ट’, मोकळी जागा, ड्राइव्हचे अक्षर व कोलन, पुन्हा मोकळी जागा, तिरकी रेघ, ‘एफएस’, कोलन आणि ‘एनटीएफएस’ असे लिहावे. ही आज्ञा ड्राइव्हचे सध्याचे नाव विचारते, तेव्हा एक्सप्लोररमध्ये दिसणारे नाव जसेच्या तसे द्यावे. त्या ड्राइव्हवरील सर्व फाइली आणि खिडक्या आधी बंद कराव्यात, अन्यथा ड्राइव्ह वापरात असल्याचे सांगून विंडोज काम थांबवते. ड्राइव्हचे अक्षर मात्र दोनदा पाहावे. संगणकाच्या आतील लहानसे ईएफआय विभाजनही फॅट३२ असते. त्याला हात लावू नये, कारण विंडोज सुरू होणे त्याच्यावर अवलंबून असते.

एक गोष्ट आधीच ठरवून घ्यावी: ही वाट एकेरी आहे. एनटीएफएसवरून फॅट३२ वर परतण्यासाठी विंडोजमध्ये अशी आज्ञा नाही, तिथे फॉरमॅटच करावे लागते. आपली डिस्क मॅकलाही जोडत असाल, तर मॅक एनटीएफएसवरील फाइली वाचतो, पण त्यावर लिहू देत नाही. काही जुने टीव्हीसुद्धा ती ओळखत नाहीत. विंडोज व मॅक दोन्हीकडे वापरायची असेल तर एक्सफॅट ही तिसरी पद्धत सोयीची, परंतु ‘कन्व्हर्ट’ त्या पद्धतीत रूपांतर करत नाही, म्हणून बॅकअप, फॉरमॅट आणि पुन्हा कॉपी असाच क्रम ठेवावा लागेल. माझे वैयक्तिक मत असे की संपूर्ण बॅकअप हाताशी असेल आणि परत कॉपी करण्याइतका वेळ असेल, तर एनटीएफएससाठीसुद्धा थेट फॉरमॅट करणे अधिक स्वच्छ पडते. ‘कन्व्हर्ट’ची खरी सोय परत कॉपी करण्याचा वेळ वाचावा असे वाटणाऱ्यांना आहे.

रूपांतर झाल्यावर ‘चेकडिस्क’ पुन्हा एकदा चालवावी, अडलेली मोठी फाइल कॉपी करून पाहावी, आणि दुसऱ्या डिस्कवरील प्रत निदान आठवडाभर तरी पुसू नये.