‘वीप’ ही कसली हाक?

प्रश्न : मुलगी बी.ए.ला आहे. तिला विल्यम ब्लेकची ‘द चिमनी स्वीपर’ ही बारा ओळींची कविता आहे. गाइडमधलं ‘सामाजिक अन्यायावर भाष्य’ तिने पाठ केलं, पण कविता काही कळली नाही म्हणते. माझं इंग्रजी बेताचंच. कशी मदत करू?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, गाइड आठवडाभर कपाटात ठेवा आणि दोघी मिळून कविता मोठ्याने वाचा. तुमचं इंग्रजी पुरेल, शब्द सोपे आहेत.

बर्फात एक काळं काहीतरी ‘वीप, वीप’ ओरडतंय. लंडनमध्ये धुराडी साफ करणारी पोरं ‘स्वीप, स्वीप’ अशी हाळी देत गल्लोगल्ली फिरत, आपल्याकडे कल्हईवाला फिरायचा तशी. याच नावाची ब्लेकची आधीची कविता आहे, १७८९ची. त्यातला मुलगा सांगतो, बापाने विकलं तेव्हा मला हे ‘वीप’सुद्धा धड म्हणता येत नव्हतं. ‘स’ न उमटण्याचं वय! आणि ‘वीप’चा अर्थ रडणं. आठ वर्षांखालच्या मुलांना या कामावर ठेवू नये, असा कायदा १७८८मध्ये झाला होता. तो कागदावरच राहिला.

तुमच्या मुलीची कविता १७९४ची. मी शिकवत होते तेव्हा एक मुलगी पहिलीच ओळ मोठ्याने वाचताना अडली. ‘अ लिटल ब्लॅक थिंग’. म्हणाली, “बाई, इथे ‘चाइल्ड’ हवं ना? छपाईची चूक आहे का?” मनात वाचणाऱ्या चाळीस जणींपैकी कुणालाच ते खटकलं नव्हतं. पोर नव्हे, वस्तू!

पुढे कुणीतरी विचारतं, तुझे आईबाप कुठेत? तो म्हणतो, दोघंही चर्चला गेलेत, प्रार्थनेला. हे उत्तर रडवेल्या आवाजात वाचू नका, फार वाईट वाटतं ते. ‘आई बाजारात गेलीये’ असं पोरं दारातून सांगतात, तितक्या सरळ म्हणा.

मग ‘बिकॉज’कडे कान द्या. दुसऱ्या कडव्यात ‘बिकॉज आय वॉज हॅपी’: मी माळावर आनंदात होतो, हसत होतो, म्हणून त्यांनी मला मरणाचे कपडे चढवले. तिसऱ्यात ‘बिकॉज आय ॲम हॅपी’: मी अजून नाचतो-गातो, म्हणून त्यांना वाटतं, याचं काहीच बिघडलं नाही. ‘वॉज’चं ‘ॲम’ झालं. डोळा तिथून सहज पुढे सरकतो, जीभ मात्र अडखळते. पोर हसतंय तेवढ्यावर आईबाप निर्धास्त चर्चला गेलेत, आणि हे ते पोरच आपल्याला सांगतंय. माझ्या मते सगळी कविता या दोन ‘बिकॉज’मध्ये आहे.

आधी प्रश्नाची ओळ तुम्ही म्हणा, मुलाचं उत्तर मुलीला म्हणू द्या. दुसऱ्या वेळी उलट करा.