प्रार्थनेत डोळे कोरडे पडले तेव्हा

‘प्रार्थनेला बसते, पण पलीकडे कुणीच नाही असं वाटतं. देवाने माझ्याकडे पाठ फिरवली का?’

वसईच्या किनारपट्टीवर समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न माझ्यापुढे पुन्हा पुन्हा येतो. विचारणारी माणसं श्रद्धेत मुरलेली असतात. रोज चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे मुख्य उपासनेला जाणारी, तिन्हीसांजेची जपमाळ न चुकवणारी. ज्यांना देवाची फिकीर नाही ते हा प्रश्न घेऊन कधीच येत नाहीत, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आज ज्यांच्याविषयी लिहिते त्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहेत. गावात सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात, मीही तेच म्हणेन. लिहायला त्यांची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

निवृत्तीनंतर बाई एका तपसाधनेत, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिरात, मौन प्रार्थना शिकल्या. पहाटे उठायचं, शुभवर्तमानातला एक उतारा वाचायचा, तो प्रसंग डोळ्यांसमोर आणायचा, येशूशी मनातलं बोलायचं आणि मग गप्प बसून राहायचं. सुरुवातीचा काळ फार गोड गेला. डोळे आपोआप भरून यायचे, दिवसभर मन हलकं असायचं. मग ईस्टरआधीच्या एका प्रायश्चित्तकाळात हे सगळं आटलं.

“बाय, येशू होडीत झोपलाय तो उतारा घेतला ना, की मला लाटा ऐकू यायच्या,” त्या म्हणाल्या. “आता नुसती अक्षरं दिसतात. मी बसते, भिंतीकडे बघते, घड्याळाकडे बघते. देव तर नाहीच, मीसुद्धा तिथं नसते.”

त्यांनी उपाय कमी केले नव्हते. दोन नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, वाढवल्या. रात्री मोबाइलवर प्रवचनं ऐकली. एका मोठ्या प्रार्थनासभेला गेल्या, तिथं गाण्याच्या वेळी रडू आलं आणि वाटलं, सुटलो. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. मग तरुणपणी सासूशी केलेला अबोला आठवला. त्याचं पापनिवेदन पूर्वीच झालेलं होतं, तरी वेगवेगळ्या फादरांकडे जाऊन तेच पुन्हा सांगितलं. वाडीतल्या प्रार्थनेत सगळे त्यांनाच पुढे बसवत. आतून रिकामं असताना आपण ढोंग करतोय, या विचाराने त्यांची झोप उडायची.

झोपेचा विषय निघाला तिथं मी थांबले. कोरडेपणाची तक्रार घेऊन कुणीही आलं तरी मी आधी शरीराची आणि मनाची चौकशी करते. झोप, भूक, थकवा, घरात अलीकडे कुणी गेलं का, नातवंडं आली की बरं वाटतं का, जगणं नको वाटतं का. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ दिवसाचा बराच वेळ मन खिन्न राहत असेल, कशातच रस नसेल, आपण कुचकामी आहोत असं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर डॉक्टरी उपचार आहेत आणि ते घ्यायला हवेत. त्याला आध्यात्मिक नाव देऊन माणसाला आणखी उपास करायला लावणं ही क्रूरता आहे, असं माझं ठाम मत आहे. शासनाची ‘टेली मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा दिवसरात्र चालू असते आणि तिथं मराठीत बोलता येतं. बाईंना मी रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. बाकी त्यांचं ठीक होतं. आजारी जावेचं जेवणखाण त्या सांभाळत होत्या, शेजारच्या मुलांचा अभ्यास घेत होत्या, नातवाच्या गोष्टी सांगताना मनापासून हसत होत्या. झोप उडायची ती त्या एकाच काळजीने.

मग प्रार्थनेकडे वळलो. येशूसंघाचे (जेज्विट) संस्थापक लोयोलाचे संत इग्नाशियस यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या १५४८ साली छापलेल्या पुस्तकात अशा रुक्षपणाची तीन कारणं दिली आहेत. एक, आपला आळस आणि हयगय. दोन, गोडीचं बक्षीस मिळालं नाही तर आपण देवाची सेवा किती करतो, याची पारख. तीन, गोडी ही आपली कमाई नाही, ते दान आहे, हे मुळापासून कळावं म्हणून. पहिलं कारण बाईंना लागू नव्हतं. उलट त्या गरजेपेक्षा जास्त करत होत्या. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं, कारण आमच्याकडच्या भाविकांना स्वतःवर दोष घ्यायची इतकी सवय असते की दोष नाही हे ऐकायलाही धीर लागतो.

क्रुसाचे संत योहान यांनी याच स्थितीचं सर्वांत बारकाईने वर्णन केलं आहे. स्पेनमधले हे कार्मेली या संन्यस्त संघातले धर्मगुरू. कार्मेली संघात सुधारणा करू पाहिल्या म्हणून १५७७च्या डिसेंबरात त्यांच्याच संघातल्या लोकांनी त्यांना टोलेडोच्या मठात कोंडून ठेवलं. पुढच्या ऑगस्टमध्ये ते तिथून निसटले. त्या अरुंद, अंधाऱ्या खोलीत त्यांनी कविता रचल्या. आत्म्याच्या काळोख्या रात्रीविषयी त्यांनी पुढे जे लिहिलं ते अभ्यासिकेत बसून सुचलेलं नाही, म्हणून माझा त्यावर भरवसा आहे. हा कोरडेपणा देवाच्या हातचा आहे की निष्काळजीपणाचा किंवा आजाराचा, हे ओळखायला ते तीन खुणा देतात. देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही आणि ती उणीव दुसऱ्या कशानेही भरून निघत नाही. मनाला सतत देवाचीच काळजी लागलेली असते, आपण मागे पडलो, सेवेत कमी पडलो अशी. आणि पूर्वीसारखं चित्र डोळ्यांसमोर आणून मनन करणं, कितीही जोर लावला तरी जमत नाही. खिन्नतेच्या आजारातही असं होऊ शकतं, हे सोळाव्या शतकात त्यांनी तिथंच नोंदवून ठेवलं आहे. म्हणून तिन्ही खुणा एकत्र बघायच्या.

दुसरी खूण वाचून दाखवली तेव्हा बाई म्हणाल्या, “म्हणजे माझी ही तळमळ...”

“हो बाई. जो परका झाला त्याची अशी आठवण कुणी काढत नाही.”

तरी अश्रू आटल्याचं दुःख त्यांना होतंच. तेव्हा मी योहानांच्याच काळातल्या कार्मेली संन्यासिनी, आविलाच्या संत तेरेजा यांचं बागेचं उदाहरण काढलं, कारण बाईंच्या वडलांची पानवेलीची वाडी होती आणि बाई लहानपणी रहाटाच्या आवाजात वाढल्या. तेरेजा आत्मचरित्रात म्हणतात, प्रार्थना म्हणजे बागेला पाणी देणं. पहिल्यांदा विहिरीतून पोहऱ्याने ओढायचं, त्यात हात भरून येतात. मग रहाट, त्यात कष्ट कमी आणि पाणी जास्त. मग ओढ्याचं पाणी पाटाने येतं. आणि शेवटी पाऊस, त्यात माळ्याला काहीच करावं लागत नाही. एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याच ठिकाणी तेरेजा पुढे विचारतात, विहीरच आटली असेल तर? आणि सांगतात, माळ्याने आपलं काम करावं. मग देव पाण्यावाचूनही फुलं जगवतो आणि सद्गुण वाढवतो. इथं पाणी म्हणजे अश्रू आणि भक्तीचा उमाळा, असा खुलासाही त्या स्वतःच करतात.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “उन्हाळ्यात विहीर तळाला गेली तरी आमचे वडील वाडीत जायचेच.” त्यावर मी काही जोडलं नाही.

मला इथं आपल्या गावांविषयी थोडं बोलायचं आहे. वसईत आपली भक्ती गाजावाजाची आहे, सगळ्यांनी मिळून करायची आहे. चर्चचा सण म्हणजे बँड, गायन, पाहुण्यांची वर्दळ. लग्नात, मयताला, क्रुसापुढच्या प्रार्थनेत शंभर गळे एकत्र असतात. मला हे सगळं प्रिय आहे, मी त्यातच वाढले. पण त्यामुळे एकट्याने शांत बसणं आपल्या ओळखीचं राहत नाही, आणि शांतता पसरली की देव निघून गेला असंच वाटतं. बायबलमध्ये एलिया संदेष्टा होरेब डोंगरावर उभा असताना सोसाट्याचा वारा येतो, भूकंप होतो, अग्नी येतो. या तिन्हींत परमेश्वर नसतो. त्यानंतर एक अगदी मंद आवाज येतो, आणि त्यात परमेश्वर आहे हे ओळखून एलिया तोंडावर झगा ओढून गुहेच्या दाराशी येतो. बाईंनी हा प्रसंग वर्गात कितीदा शिकवला होता. स्वतःच्या पहाटेला तो लावून पाहण्याचं मात्र त्यांच्या मनात आलं नव्हतं.

काय करायचं, हे साधं होतं. वाढवलेल्या नोव्हेना आणि रात्रीची प्रवचनं बंद. जुनं, क्षमा झालेलं पाप पुन्हा सांगणं बंद. पहाटेची वेळ मात्र हलवायची नाही, कारण रुक्षपणाच्या काळात आधी केलेला निश्चय बदलू नये हा इग्नाशियसचा नियम आहे. उलट ठरलेल्या वेळेपेक्षा थोडं अधिकच बसावं, असं ते म्हणतात. चित्र डोळ्यांसमोर येत नसेल तर ओढून आणायचं नाही. योहान सांगतात, अशा वेळी काहीच करत नाही, वेळ वाया घालवतोय असं वाटलं तरी देवाकडे प्रेमाने नुसतं लक्ष ठेवून स्वस्थ राहावं. मन भटकलं तर येशूचं नाव एकदा घ्यायचं. शब्द हवेच असतील तर ६३वं स्तोत्र, पाण्यावाचून शुष्क झालेल्या भूमीत देवाची तहान लागलेल्या माणसाचं. ख्रिस्तसभेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या, १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथात हा कोरडेपणा प्रार्थनेचाच भाग मानला आहे. वेदनेत आणि कबरेत असलेल्या येशूला श्रद्धेने बिलगून राहण्याची ही वेळ, असं तिथं म्हटलं आहे. आणि हे सगळं एकाच अनुभवी फादरांशी नियमित बोलायचं. माझं काम मनाचं, आत्म्याच्या वाटेवर सोबत करणारं माणूस वेगळं हवं.

“किती दिवस चालेल?” हा त्यांचा शेवटचा प्रश्न. याचं उत्तर कुणाकडेच नसतं, ते मी देऊ केलं नाही. फ्रान्समधल्या संन्यासिनी, लिझ्यूच्या छोट्या तेरेजा १८९६च्या ईस्टरपासून ३० सप्टेंबर १८९७ला मृत्यू येईपर्यंत विश्वासाच्या काळोखात होत्या. मदर तेरेसांची पत्रं २००७मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की थोडा काळ सोडला तर जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी हा अंधार सोसला, आणि त्याच वर्षांत मरणाऱ्यांना उचलून घरी आणलं.

पन्नास वर्षं ऐकून बाई घाबरतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, “आणि त्या रोज प्रार्थनेला बसायच्या?”

“रोज.”

बाई हल्ली माझ्याकडे येत नाहीत, महिन्यातून एकदा फादरांकडे जातात. अश्रू परतलेले नाहीत. झोप लागते. जावेशी पूर्वी तिखट बोलायच्या ते कमी झालंय, हे मला त्यांच्या सुनेकडून कळलं. बाईंच्या स्वतःच्या ते लक्षातही आलेलं नाही.