निफाडच्या पोरीला समुद्र शिकायचाय

प्रश्न : मॅडम नमस्कार. आमची निफाड तालुक्यात साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. मुलगी नाशिकला फिजिक्स घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला वाटलं बीएड करेल नाहीतर बँकेच्या परीक्षा देईल, पण तिचं एकच, समुद्रविज्ञान शिकायचंय. २०१९ ला गोडी छाटणीनंतरच्या पावसाने बाग गेली तेव्हा ती नववीत होती, तेव्हापासून डब्यात पाऊस मोजून वहीत लिहिते. घरात सगळे हसतात की निफाडला समुद्र कुठंय, आजी विचारते पोरगी बोटीवर राहणार का. यात खरंच काही करिअर असतं का? आणि शेतीचा न् समुद्राचा संबंध काय?
(एक वडील, ता. निफाड)

उत्तर : दादा, आधी घरच्यांना सांगा हसू नका. निफाडहून समुद्र सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत आहे आणि २०१९ ला तुमची बाग ज्याने नेली तो पाऊस तिथूनच आला होता. त्या वर्षी हिंदी महासागराचा आफ्रिकेकडचा भाग नेहमीपेक्षा गरम आणि सुमात्राकडचा गार झालेला, ह्याला इंडियन ओशन डायपोल म्हणतात, आणि त्या हंगामात तो फारच जोरात होता. त्यात ऑक्टोबरच्या शेवटी अरबी समुद्रात क्यार आणि महा अशी दोन चक्रीवादळं एकाच वेळी. दिवाळी आली तरी पाऊस हटेना. मला अजून आठवतंय, पिंपळगावकडे जाताना ब्लोअर लावलेले ट्रॅक्टर चिखलात रुतलेले, माणसं रात्री बॅटरी घेऊन फवारणी करतायत आणि सकाळी पान उलटून बघावं तर मागे डाऊनीची पांढरी बुरशी. तुमच्या मुलीने हे बघितलं आणि विचारलं की हे आलं कुठून, तर चुकलं काय तिचं?

तिला मान्सूनच्या शास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांच्याबद्दल नक्की सांगा. पुण्याच्या, फर्ग्युसनला केमिस्ट्री घेऊन शिकलेल्या. म्हणजे त्यांचीही सुरुवात काही समुद्रातनं नव्हती. पुढे हार्वर्डला गेल्या, १९७० ला पीएचडी, विषय गल्फ स्ट्रीम ह्या समुद्रप्रवाहाला वळणं कशी पडतात, सगळं गणितच. मग परत आल्या, १९७३ पासून बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, आणि तिथून जे मान्सूनच्या मागे लागल्या ते शेवटपर्यंत. जुलै २०२५ मध्ये त्या गेल्या.

आता त्यांनी केलं काय ते ऐका, कारण मला स्वतःला त्याने चपराक बसलीय. शाळेत आपण सगळे शिकलो ना, उन्हाळ्यात जमीन तापते, समुद्र त्यामानाने गार, म्हणून वारे येतात आणि पाऊस पडतो. ही कल्पना हॅलीची, १६८६ ची, धूमकेतूवाला तोच हॅली. मी पण वीस वर्षं वर्गात हेच फळ्यावर काढलं. पण बघा, नाशिकची जमीन सगळ्यात तापते एप्रिल-मेमध्ये, आणि धो धो पाऊस जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा जमीन थंड झालेली असते. बरं, ज्या वर्षी पाऊस दडी मारतो त्या वर्षी जमीन उलट जास्त तापलेली असते, मग त्या वर्षी तर जास्त पाऊस यायला हवा होता की नाही? इतकी साधी गोष्ट आणि माझ्या डोक्यात कधी आली नाही.

गाडगीळ आणि हवामानशास्त्रज्ञ डी. आर. सिक्का यांनी उपग्रहाने टिपलेले ढगांचे रोजचे फोटो घेतले आणि दिवसामागून दिवस बघत गेले, ढग कुठे आहेत, उद्या कुठे. १९८० ला त्यांनी दाखवलं की ढगांचा एक पट्टा विषुववृत्ताजवळ समुद्रावर तयार होतो आणि सरकत सरकत उत्तरेला जमिनीवर येतो, आणि पावसाळ्यात हे दोन ते सहा आठवड्यांनी पुन्हा पुन्हा होत राहतं. म्हणजे आपण ऑगस्टमध्ये आभाळाकडे बघत बसतो तेव्हा पुढचा पट्टा खाली समुद्रावर जमतोय की नाही हा खरा प्रश्न असतो.

मग १९८४ चं काम, पाण्याचं तापमान साधारण २८ अंशाच्या खाली असेल तर त्यावर मोठे ढग जमत नाहीत. वर गेलं तर जमू शकतात, जमतीलच असं नाही. तुम्हाला बागेच्या भाषेत सांगते, पान ओलं राहिलं तर डाऊनी येऊ शकतो, येईलच असं नाही, पण सगळं कोरडं ठाक असेल तर येतच नाही. तसंच ते.

आणि मला सगळ्यात आवडतं ते त्यांचं पावगड्याकडचं काम. कर्नाटक-आंध्रच्या सीमेवरचा कोरडा मुलूख, तिथे कोरडवाहू भुईमूग. शेतकऱ्यांशी बसून बोलल्या, जुन्या पावसाच्या नोंदी काढल्या आणि प्रश्न काय घेतला तर पेरणी नेमकी कधी करावी. हार्वर्डची पीएचडी आणि भुईमुगाची पेरणी, एकाच बाईच्या आयुष्यात.

आता करिअरचं, खरं तेच सांगते. फिजिक्स न् गणित असेल तर पाया झालाच. जॅम म्हणजे आयआयटीची एमएस्सी प्रवेश परीक्षा, ती देऊन एमएस्सीला जाता येतं. शिवाय आपापल्या प्रवेश परीक्षेने कोचीनला भौतिक समुद्रविज्ञान आहे, गोवा विद्यापीठात मरीन सायन्स, पुणे विद्यापीठात वातावरणविज्ञान, म्हणजे घरापासून फार लांब नको असेल तर तेही. पुढे नेट किंवा गेट ही परीक्षा आणि पीएचडी, जागा म्हणाल तर गोव्याची एनआयओ ही समुद्रविज्ञान संस्था, पुण्याची आयआयटीएम ही हवामानसंशोधन संस्था, हैदराबादची समुद्राची माहिती देणारी इन्कॉइस. पण पीएचडीत पाच-सहा वर्षं सहज जातात, नंतरही बरेच दिवस प्रोजेक्टवरच काढावे लागतात, कायमच्या जागा थोड्या. हे ऐकून पण तिचं हो असेल तर अडवू नका. आणि आजींना सांगा, बोटीवर थोडेच दिवस, बाकी सगळं कॉम्प्युटरसमोर. पायथन ही कॉम्प्युटरची भाषा आत्ताच शिकायला घे म्हणावं.

प्रश्न : टीव्हीवर एल निनो एल निनो सुरू झालं की आमच्याकडे लगेच कोण कांदा चाळीत दाबून ठेवतो, कोण घाबरून विकून टाकतो. एल निनो म्हणजे दुष्काळ पक्का का?
(एक कांदा उत्पादक, लासलगाव)

उत्तर : नाही. एल निनो म्हणजे पॅसिफिक महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापणं, त्याने दुष्काळाची शक्यता वाढते, पक्का नाही. १९९७ ला पॅसिफिकमध्ये एवढा जबरदस्त एल निनो होता की सगळ्यांनी दुष्काळ धरूनच ठेवलेला, आणि देशात पाऊस पडला सरासरीच्या १०२ टक्के. उलट २००२ ला एल निनो त्यामानाने किरकोळ आणि पाऊस ८१ टक्के, जुलै तर जवळजवळ अर्धा कोरडाच गेला. हे कोडं सोडवतानाच गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या हिंदी महासागराकडे बोट दाखवलं. विषुववृत्तावर ढग पश्चिमेला, आफ्रिकेच्या बाजूला जास्त असतील तर आपल्याला बरं, पूर्वेला सुमात्राच्या बाजूला असतील तर वाईट. ह्या झोक्याला त्यांनी इक्विनू नाव दिलं. १९९७ ला झोका आपल्या बाजूने होता, २००२ ला विरुद्ध.

म्हणून नुसती पॅसिफिकची बातमी ऐकून कांद्याचा निर्णय घेऊ नका. २०२३ बघा ना, एल निनोच होता, हंगाम ९४ टक्क्यांवर आला, पण त्यातला ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत सगळ्यात कोरडा. चाळीतल्या कांद्याला सरासरी कळत नाही हो, ऑगस्ट कळतो. भावाचं मात्र मला विचारू नका.

प्रश्न : एवढ्या मोठ्या समुद्राचं तापमान मोजतं कोण?
(एक विद्यार्थी, नाशिक रोड)

उत्तर : वरवरचं उपग्रह मोजतो, पण पाण्याच्या आतलं त्याला दिसत नाही. त्यासाठी आर्गो फ्लोट आहेत, माणसाच्या उंचीच्या आसपासची नळी समज. जगभरात अशा चारेक हजार. एक किलोमीटर खोल जाऊन वाहत राहते, दर १० दिवसांनी आणखी खाली दोन किलोमीटरपर्यंत बुडी मारते, मग वर येताना तापमान आणि क्षार मोजत येते, उपग्रहाला आकडे देते आणि पुन्हा खाली. बॅटरी असेपर्यंत हेच. हिंदी महासागरात आपल्याकडून इन्कॉइस त्या सोडते आणि हे आकडे कुणालाही फुकट बघता येतात, तूही बघ.

आणि हो, निफाडच्या दादांनी मुलीच्या वहीचे फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठवावेत. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं आधी, तारखा नीट दिसतील असे.