पडद्यांसाठी एफडी मोडू का?

मोशीच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नव्या टू बीएचकेचा ताबा मिळाला, दीड महिन्यावर वास्तुशांत आहे. इंटिरियरवाल्याने पडद्यांचं कोटेशन दिलंय 1,34,550 रुपयांचं. यजमान म्हणतात, "ऑनलाइन तयार पडदे मागव, आठ हजारांत काम होतं." ताईंना घर नीटनेटकं, रेखीव दिसायला हवंय. वीस वर्षांचं कर्ज काढून घेतलेल्या घरात तयार पडदे टांगायला त्यांचं मन धजत नाही. विचारतात की 2,40,000 ची एफडी आहे ती मोडू, बारा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय घेऊ की गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच कर्जावर वाढीव कर्ज, काढू?

ताई, तिन्ही नको. पण यजमानांचंही ऐकू नका, हे आधीच सांगून टाकतो. आर्थिक सल्लागाराने स्वस्तातल्या बाजूने उभं राहावं अशी अपेक्षा असते, पण हा स्वस्त पर्याय मी स्वतः भोगलेला आहे. आमच्या पहिल्या फ्लॅटमध्ये मी सात फुटी तयार पडदे आणले होते. रॉड चौकटीच्या वर लागला आणि पडदे जमिनीपासून चांगले वीतभर वर राहिले, चिखलातून जाताना वर धरलेल्या पायजम्यासारखे. कापड सुती होतं, पहिल्याच धुण्यात आणखी दोन बोटं आटलं. बायको आजही आल्यागेल्याला ती गोष्ट सांगते. सहा महिन्यांत दुसरे शिवून घेतले. म्हणजे खर्च दोनदा झाला.

आधी तुमचं गणित मांडू. दोघांचे मिळून हातात 1,15,000 येतात. घराचा हप्ता 46,000, घरखर्च 38,000, एसआयपी 10,000. महिन्याला 21,000 उरतात. हप्ता आणि घरखर्च मिळून 84,000, म्हणजे तीन महिन्यांचे 2,52,000. तुमची एफडी तेवढीही भरत नाही. ती एफडी ही बचत नाही, एकाची नोकरी गेली तर घराचा हप्ता भरणारी ती एकमेव वस्तू आहे. तिला हात लावायचा नाही. मुदतीआधी मोडल्यावर बँक अर्धा-एक टक्का व्याज कापते ती गोष्ट त्यापुढे किरकोळ.

नो-कॉस्ट ईएमआयचं नाव गोड आहे, एवढंच. रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना सुनावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वात नसतं. व्याज असतंच, ते किमतीत लपवलेलं असतं. तुमच्या रकमेवर वर्षाला 15 टक्के दर धरला तर बारा हप्त्यांत साधारण 10,300 रुपये व्याज बसतं. रोख देणाऱ्याला दुकानदार जी सूट देऊ शकला असता, ती हीच. शिवाय त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी साडेअठराशेच्या आसपास, तो तुमच्याच कार्डावर येतो. प्रोसेसिंग फी वेगळी.

टॉप-अप तर मुळीच नको. 9 टक्क्यांनी 18 वर्षांसाठी घेतला तर हप्ता जेमतेम 1,260 रुपये. ऐकायला काहीच नाही, पण शेवटी भरणा होतो 2,72,000. तोवर पडदे दोनदा बदलून झालेले असतील आणि पहिल्या पडद्यांची फरशी पुसायची फडकीही झिजलेली असतील.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. रेखीवपणा नेमका कशातून येतो? माझ्या पाहण्यात तो कापडाच्या भावात नसतो, उंचीत आणि चुण्यांत असतो. रॉड किंवा ट्रॅक खिडकीच्या चौकटीवर सहा ते आठ इंच घ्यायचा, दोन्ही बाजूंना तेवढाच बाहेर काढायचा. पडदा उघडला की भिंतीवर जाऊन बसतो, काच पूर्ण मोकळी होते आणि खिडकी आहे त्याहून मोठी वाटते. खाली पडदा जमिनीपासून जेमतेम अर्धा इंच वर हवा, म्हणजे झाडूही फिरतो. आणि कापडाची रुंदी ट्रॅकच्या निदान दुप्पट. हे शेवटचं हुकलं की बंद केलेला पडदा ताणलेल्या चादरीसारखा दिसतो, मग कापड रेशमी असो की आणखी कुठलं.

तुमच्या हॉलचं स्लायडिंगचं दार आठ फुटांचं. दोन्हीकडे आठ-आठ इंच धरून ट्रॅक 112 इंच, दुप्पट केले की 224. पडद्याच्या कापडाचा पन्हा बहुधा 48 इंच असतो. म्हणजे पावणेपाच पॅनल, त्या पन्ह्याच्या उभ्या पट्ट्या, येतात, पण डाव्या-उजव्या बाजूला सारखे यावेत म्हणून सहा घ्यायचे. प्रत्येकाची उंची साडेआठ फूट, शिवाय खालची-वरची दुमड फूटभर, म्हणजे एका पॅनलला तीन मीटर. आता बघा: 950 रुपये मीटरचं कापड घेऊन काटकसर म्हणून चारच पॅनल केले तर 11,400 रुपये जातात आणि पडदा चपटा दिसतो. 400 रुपये मीटरचं घेऊन सहा केले तर 7,200, आणि चुण्या भरगच्च पडतात. हा हिशेब तुमच्या इंटिरियरवाल्याला नक्की ठाऊक असणार. त्याने सांगितला नाही, कारण त्याचे 15 टक्के एकूण बिलावर आहेत.

त्याचं कोटेशन उलगडून पाहिलं. चौदा मुख्य पॅनल आणि तितकेच जाळीचे, म्हणजे उजेड येऊ देणाऱ्या पातळ पडद्याचे, मिळून 63,000 चं कापड. शिलाई 12,600. हॉलला मोटरवर चालणारा ट्रॅक, 32,000. बेडरूमचे ट्रॅक 9,400. वर देखरेखीचे 17,550. खाली बारीक अक्षरात "जीएसटी वेगळा" हे तुमच्या नजरेतून सुटलंय. कापडावर जीएसटी 5 टक्के आहे. पण 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांवरच्या तयार पडद्यावर तो 18 टक्के झाला आहे. त्याचा एक मुख्य पॅनल शिलाईसकट 3,300 ला पडतो. "तयार पडदे" म्हणून बिल झालं तर नुसत्या चौदा पॅनलवर 8,316 रुपये कर. कापड दुकानातून वेगळं घेऊन शिंप्याकडे टाकलंत तर हे टळतं.

मोटर काढा. रिमोटने उघडणारा पडदा पहिल्या आठवड्यात पाहुण्यांना दाखवायला बरा वाटतो, नंतर रिमोट सोफ्याच्या फटीत असतो. बेडरूमच्या जाळ्याही काढा. तुमच्या दोन्ही बेडरूम मागच्या बाजूला, समोर मोकळं मैदान, तिथे दिवसा आडोशाचं काम नाही. त्याऐवजी बेडरूमच्या पडद्यांना मागून अस्तर लावा. पहाटेचा उजेड अडतो आणि कापडाचा रंग उन्हाने लवकर उडत नाही. हे पैसे वसूल होणारे पैसे आहेत. जाळी फक्त हॉलला.

कापड एकरंगीच निवडा. मोठ्या नक्षीचं घेतलंत की प्रत्येक पॅनलवर फूल एकाच उंचीवर यावं म्हणून दर वेळी कापड पुढे सरकवून कापावं लागतं, आणि हात-हात तुकडे वाया जातात. दुकानदार ते मीटरमध्ये धरून मोकळा होतो. तुमच्या गव्हाळ भिंतींवर मेंदीचा किंवा करडा रंग चांगला दिसेल, पण हे माझं क्षेत्र नाही, सोडून द्या.

मग माझा अंदाज असा. मुख्य कापड 42 मीटर, 400 च्या भावाने 16,800. हॉलची जाळी 18 मीटर, 250 ने 4,500. बेडरूमचं अस्तर 24 मीटर, 130 ने 3,120. शिलाई अस्तराच्या आठ पॅनलना 350, बाकीच्या बारांना 250, मिळून 5,800. हाताने सरकवायचे साधे ट्रॅक 6,500, बसवण्याचे 1,500. बेरीज 38,220. भाव थोडे पुढे-मागे होतील, जीएसटीचे हजार-दीड हजार वर धरा, तरी चाळीस हजारांच्या आत-बाहेर. वास्तुशांतीआधी तुमचे दोन पगार होतात, म्हणजे 42,000 शिल्लक. पहिल्या पगारात ट्रॅकसकट हॉल, दुसऱ्यात ट्रॅकसकट बेडरूम. एफडी जागच्या जागी, एसआयपी चालू, कर्ज शून्य. पुण्यात रविवार पेठेतल्या कापडगंजात एक सकाळ घालवा, घरून कुशनचा अभ्रा बरोबर न्या, आणि आवडलेल्या कापडाचा चिंधीएवढा नमुना आणून दिवसा व रात्री ट्यूबलाइटखाली असा दोनदा भिंतीला लावून बघा.

शिलाईत मात्र पैसे वाचवू नका. शंभर रुपये कमी घेणारा शिंपी खालची दुमड इंचभर देतो. तुम्ही चार इंच मागा. कापड सुती असेल तर कापायच्या आधी भिजवून वाळवून घ्यायला सांगा. तो कुरकुरेल, पण पॅनलमागे वीस-तीस रुपये वाढवून दिलेत तर करतो.

माप शिंप्यालाच घरी बोलावून घ्यायला लावा, आणि टेप तीन ठिकाणी धरायला सांगा: डावीकडे, मध्ये, उजवीकडे. बिल्डरची फरशी कुठेच सरळ नसते. आमच्याकडे एका टोकाला पाऊण इंचाचा फरक निघाला होता.